शेळीचं दही आणि बंदरावरचा बर्फ

रत्नागिरीच्या मिरकरवाड्याचं नाव काढलं की आठवतात त्या बोटी, बर्फाच्या गाड्या आणि लिलावाचा गलका. रत्नदुर्ग किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या या बंदरात शेळ्याही आहेत आणि त्या आपल्याच तोऱ्यात असतात. सुकत टाकलेल्या जाळ्यांवर बसतात, भिंतींवर चढतात, कुणाच्याही दारातला कढीपत्ता फस्त करतात. पण त्यांच्याकडे दुधाचं जनावर म्हणून कुणी बघत नाही. शेळी पाळायची ती मटणासाठी, बकरी ईदसाठी. दूध असेल ते पिल्लांचं. आम्हाला शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई मात्र निवृत्त झाल्यापासून परसातल्या शेळ्यांच्याच दुधाचं दही लावतात. आमच्या शेजारणीची शेळी व्याली, पिल्लं पाल्याला लागली आणि उरलेलं दूध आमच्याकडे यायला लागलं, तेव्हा मी बाईंचं दार वाजवलं.

मी : बाई, शेळीच्या दुधाचं दही लागतच नाही म्हणतात. खरंय का?

बाई : लागतं की. पण तुमच्या डोक्यात दही म्हणजे म्हशीचं. त्याची कवडी पडली पाहिजे, भांडं उपडं केलं तरी हलता कामा नये. शेळीचं दही तसं होत नाही. ते मऊ असतं. चमचा घातला की कड ढासळते, जरा वेळाने पाणी सुटतं. एवढ्यावरून लोक म्हणून मोकळे होतात, लागलंच नाही.

मी : पण दूध तर दिसायला चांगलं पांढरंशुभ्र, दाट असतं.

बाई : पांढरेपणावर जाऊ नकोस. गाईच्या दुधात पाल्यातलं कॅरोटीन उतरतं म्हणून ते पिवळसर. शेळी आणि म्हैस त्या कॅरोटीनचं अ जीवनसत्त्व करून टाकतात, म्हणून त्यांचं दूध पांढरं. दह्याचा घट्टपणा ठरतो केसीन या प्रथिनावर. त्याचे अतिशय बारीक कण दुधात तरंगत असतात. प्रत्येकावर ऋण भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ठेवतात. विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचं, म्हणजे लॅक्टोजचं, लॅक्टिक आम्ल करतात. आम्ल वाढेल तसा तो भार उतरत जातो. दुधाचा सामू साधारण ६.६ असतो. तो ४.६ च्या आसपास आला की भार संपला, कण एकमेकांना चिकटले, त्यांची जाळी झाली आणि तिच्यात पाणी, स्निग्धांश सगळं अडकलं. आठवीत शिकवलं होतं मी.

मी : आठवीतलं नका विचारू. पण हे तिन्ही दुधांत सारखंच झालं ना?

बाई : क्रिया सारखी, माल वेगळा. म्हशीच्या दुधात केसीन मुळात जास्त, वर स्निग्धांश सहा-सात टक्के. शेळीच्या दुधात स्निग्धांश गाईइतकाच, साडेतीन-चार टक्के, आणि प्रथिनंही जवळपास तेवढीच. पण केसीनचेही प्रकार आहेत. त्यातलं अल्फा-एस-१ नावाचं केसीन शेळीच्या दुधात कमी असतं, आणि जाळी घट्ट व्हायला नेमकं तेच लागतं. यात एक गंमत आहे. हे प्रमाण शेळीगणिक बदलतं. फ्रान्स आणि इटलीतल्या शेळ्यांवर याचा पुष्कळ अभ्यास झालाय. काही शेळ्यांच्या दुधात हे केसीन भरपूर, काहींच्या दुधात जवळजवळ नाहीच, आणि तो गुण आईबापाकडून येतो. तेव्हा एकाच गल्लीतल्या दोन शेळ्यांचं दही वेगवेगळं लागलं तर विरजणाला नावं ठेवायची नाहीत.

मी : तुमच्या शेळ्या कुठल्या जातीच्या?

बाई : गावठी. त्यांचं कुळ कुणी विचारलेलं नाही. कोकणची म्हणून नोंद झालेली जात आहे, कोकण कन्याळ, सिंधुदुर्गाकडची. तोंडावर दोन्ही बाजूंनी पांढरे पट्टे असतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तिच्यावर काम केलंय. पण तीही मुख्यतः मांसासाठीच. संगमनेरी दुधालाही बरी असं म्हणतात, पण ती कोरड्या हवेतली; आपल्या पावसात तिचे हाल कशाला करायचे? माझी शेळी दिवसाला अर्धा-पाऊण लिटर देते, पिल्लांचं सोडून. तेवढं दोन माणसांच्या दह्याला पुरतं.

मी : घट्टपणाचं कळलं. पण वासाचं काय? सासूबाई म्हणतात, पातेलं उघडलं की घरात बोकड शिरल्यासारखं वाटतं.

बाई : त्या वासाचा दोष शेळीचा कमी आणि दूध हाताळणाऱ्याचा जास्त. शेळीच्या दुधातल्या चरबीत कॅप्रोइक, कॅप्रिलिक आणि कॅप्रिक ही तीन आम्लं गाईच्या दुपटी-तिपटीने असतात. बोकडासारखा वास त्यांचाच. पण ती चरबीत बांधलेली असतात तोवर नाकाला काही कळत नाही. दुधातच लायपेज नावाचं विकर असतं, ते चरबी तोडतं आणि ही आम्लं मोकळी करतं. चरबीच्या कणांवर एक पातळ आवरण असतं म्हणून एरवी त्याचा हात तिथे पोचत नाही. तुम्ही दूध हिंदकळवलंत, उंचावरून ओतून फेस काढलात, की ते आवरण फाटतं. त्यात दूध कोमट राहिलं की विकर जोरात. म्हणजे वास येणार की नाही हे पातेलं चुलीवर चढायच्या आधीच ठरून गेलेलं असतं. तुला मिरकरवाड्यात राहून हे मी सांगायला हवं? बोटीवर जाळ्यातून काढल्या काढल्या बर्फात गेलेला बांगडा आणि दुपारभर फळीवर तापून मग बर्फात घातलेला बांगडा, लिलावात दोन्हींवर बर्फ सारखाच दिसतो.

मी : म्हणजे काढल्यापासून उकळेपर्यंतचा वेळ सांभाळायचा.

बाई : तेच तर. लोक विरजण बदलतात, भांडं बदलतात, कुणी चिनीमातीची बरणी आणतं. धार काढतानाच्या अर्ध्या तासाकडे कुणाचं लक्ष नाही. माझी रीत सांगते. रात्री पिल्लं वेगळी ठेवते, म्हणजे सकाळी कास भरलेली असते. कास धुवून कोरडी पुसायची, ओली ठेवायची नाही, कारण ओल्या कासेवरचं पाणी घाण घेऊन भांड्यात ओघळतं. पहिल्या एक-दोन धारा वेगळ्या वाटीत काढून बघायच्या. गुठळ्या, रक्त, पाणचटपणा दिसला तर त्या दिवशी ते दूध नको. भांडं स्टीलचं, कारण प्लॅस्टिकच्या ओरखड्यांत वास बसतो. बोकड असेल तर धारेच्या जागेपासून लांब बांधायचा. त्याच्या शिंगांच्या मागे गंधग्रंथी असतात, माजावर आला की सगळं अंगण दरवळतं आणि दूध बाहेरचा वास फार पटकन घेतं. कांद्या-लसणाची टरफलं घालायची असतील तर धार काढून झाल्यावर. फणसाचा पाला आधी दिला तरी बिघडत नाही.

मी : आणि बर्फ?

बाई : लगेच उकळणार असशील तर बर्फाची गरज नाही. तापवलं की विकर निकामी होतं. पण एका वेळचं दूध थोडं पडतं म्हणून आपण दोन वेळचं साठवतो, आणि घोटाळा तिथे होतो. गाळलेलं दूध झाकणाच्या डब्यात घालून डबा बर्फाच्या पाण्यात उभा करायचा, मग फ्रीजमध्ये. नुसतं फ्रीजमध्ये ठेवलं तर ते गार व्हायला फार वेळ घेतं. आणि संध्याकाळचं ऊन दूध सकाळच्या गार दुधात ओतायचं नाही. आधी तेही गार करायचं, मग एकत्र.

मी : बंदरावरचा बर्फ चालेल?

बाई : डब्याच्या बाहेरून चालेल. तो मासळीसाठी केलेला असतो, पोटात जाण्यासाठी नव्हे. झाकण घट्ट हवं, थेंबसुद्धा आत जाता कामा नये.

मी : हल्ली बरेच जण कच्च्या दुधाचं दही लावा म्हणतात. उकळलं की त्यातलं औषध जातं म्हणे.

बाई : असं सांगणाऱ्याला माल्टाची गोष्ट सांग. भूमध्य समुद्रातलं बेट, मोठं बंदर, इंग्रजांचं आरमार. तिथल्या सैनिकांना महिनोन्‌महिने चढउतार होणारा ताप यायचा. घाम, सांधे धरणं, माणूस पार खंगून जायचा. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने त्याचा जंतू जाहीर केला. पण तो शरीरात येतो कुठून हे पुढची जवळजवळ वीस वर्षं कळलं नाही. माल्टात शेळ्या दारोदार हिंडवायचे आणि गिऱ्हाइकाच्या उंबऱ्यावरच धार काढून द्यायचे. याहून ताजं दूध कुठलं? १९०५ मध्ये तिथल्याच थेमिस्टोक्लिस झामित या डॉक्टरने शेळ्यांचं रक्त तपासलं आणि त्यात या रोगाच्या खुणा सापडल्या. शेळ्या वरून धडधाकट. पुढच्या वर्षी सैन्यात शेळीचं दूध बंद केलं आणि सैनिकांतला ताप झपाट्याने उतरला. ब्रूसच्या नावावरून जंतूला ब्रुसेला म्हणतात. तो आपल्याकडेही आहे. तेव्हा दूध कितीही ताजं असो, शेळी कितीही गोंडस असो, उकळल्याशिवाय नाही.

मी : दह्याच्या आंबटपणाने मरत नाही का तो?

बाई : त्याच्यावर विसंबू नये. उकळण्याने हमखास मरतो. आणि जाता जाता सांगते, शेळीचा गर्भ पडला तर तो उघड्या हाताने उचलायचा नाही. हा रोग तिथूनही लागतो. गरोदर बाईने तर त्या जागेजवळ फिरकायचंही नाही.

मी : पण गांधीजी शेळीचं दूध औषध म्हणूनच प्यायचे ना?

बाई : ते औषधापेक्षा कस्तुरबांची हुशारी म्हण. १९१९ च्या जानेवारीत गांधीजी मुंबईत अंथरुणाला खिळलेले. डॉक्टर दलालांनी सांगितलं, दुधाशिवाय अंग भरणार नाही. यांचं व्रत, दूध घ्यायचं नाही. कस्तुरबा म्हणाल्या, व्रत घेताना तुमच्या मनात गाय-म्हैस होती, शेळीचं दूध घ्यायला काय हरकत? त्यांनी घेतलं, आणि व्रताचे शब्द पाळले पण त्याचा आत्मा मोडला, ही टोचणी आत्मचरित्रात लिहून ठेवली. पुढे १९२७ च्या मार्चमध्ये ते आपल्या रत्नागिरीला आले, सावरकरांना त्यांच्या घरी जाऊन भेटले. तेव्हाही व्रत तेच होतं. असो, आपण दह्याकडे वळू.

मी : हो, कृती सांगा. एक लिटर धरून.

बाई : पहिली अट, शेळी व्याल्याचा पहिला आठवडा संपलेला हवा. चिकाचं दूध तापवलं की थिजतं; त्याचा खरवस कर, दही नको. दुसरी अट, शेळीला इंजेक्शन दिलं असेल तर डॉक्टरांनी सांगितलेले दिवस सोडून द्यायचे. कास सुजल्यावर प्रतिजैविकं देतात, ती दुधात उतरतात आणि विरजणातल्या जिवाणूंना मारतात. चांगलं विरजण, चांगली ऊब आणि तरी दूध जसंच्या तसं राहिलं तर आधी शेळीवाल्याला विचार, गेल्या आठवड्यात काही टोचलं होतं का. अशा दुधाचं दही होत नाहीच, पण ते मुलांना प्यायलाही द्यायचं नाही.

मी : बरं, दूध चांगलं आहे असं धरू.

बाई : मग जाड बुडाच्या पातेल्यात मध्यम आचेवर ठेव. उकळी आली की आच बारीक कर आणि ढवळत दहा मिनिटं तरी राहू दे. नुसत्या उकळीने जंतू मरतील, पण दह्याला तेवढं पुरत नाही. केसीनशिवाय दुधात विरघळलेली आणखी प्रथिनं असतात, दही फुटल्यावर जे पिवळट पाणी निघतं त्यात असतात ती. नव्वद अंशांच्या आसपास काही मिनिटं राहिली की ती उलगडतात आणि केसीनला जाऊन चिकटतात. मग जाळी पाणी जास्त धरून ठेवते. शेळीच्या दुधात हा फरक गाईच्या दुधाइतका ठळक नसतो, पण असतो. साय फारशी येणार नाही. चरबीचे कण लहान असतात आणि ते एकमेकांना धरून वर येत नाहीत. त्यामुळे लोकांना वाटतं दुधात पाणी घातलंय.

मी : आमच्याकडेही वाटलं होतं. पण विचारलं नाही कुणी.

बाई : बरं केलंत. आता घट्ट हवं असेल तर त्याचे तीन मार्ग. एक, दूध आटवून पाऊण लिटर करायचं. सगळ्यात साधा आणि मला आवडणारा. चव थोडी खव्याकडे झुकते. दुसरा, लिटरला दोन-तीन मोठे चमचे दूधपावडर, ती गार दुधातच नीट विरघळवून मग तापवायचं. पण पावडर गाई-म्हशीच्या दुधाची असते. एखाद्याने त्या दुधाला टाळण्यासाठी शेळीचं धरलं असेल तर त्याला फसवल्यासारखं होईल. तिसरा, निम्मं म्हशीचं दूध घालायचं. दही झकास होतं, फक्त त्याला शेळीचं दही म्हणू नये.

मी : आणि विरजण केव्हा?

बाई : बेचाळीस-त्रेचाळीस अंशांना. थर्मामीटर नसेल तर धुतलेली करंगळी बुडव. दहा मोजेपर्यंत सोसवली पाहिजे, आणि ऊन आहे हे कळलंही पाहिजे. अर्ध्या लिटरला एक सपाट चमचा विरजण. ते आधी दोन चमचे दुधात फेटून एकजीव करायचं, मग सगळ्यात मिसळायचं. जास्त विरजण घातलं की जास्त घट्ट होतं, ही समजूत काढून टाक. आम्ल घाईघाईने तयार होतं, जाळी ओबडधोबड बसते, दही रवाळ आणि आंबट होतं, पाणी सुटतं. म्हशीच्या दुधात हे खपून जातं, शेळीच्या दुधात नाही.

मी : विरजण शेळीच्याच दह्याचं हवं का?

बाई : पहिल्या वेळी कुणाचंही चालतं. मी तर एक वेगळीच गोष्ट सांगेन. घरातलं विरजण कधी कधी तार धरायला लागतं ना, चमचा उचलला की दही लांब ओढलं जातं?

मी : ते टाकून देतात.

बाई : वास, रंग, चव चांगली असेल तर ते टाकू नकोस. जिवाणूंच्या काही जाती शर्करेच्या लांब साखळ्या तयार करतात आणि त्या पाणी धरून ठेवतात. फिनलंडमध्ये विली म्हणून दही असतं, ते तारेसाठीच खातात. शेळीच्या अशक्त जाळीला असा आधार मिळाला की दही ढासळत नाही. माझं विरजण थोडं तारेचं आहे, मुद्दाम जपलंय. कारखान्यातलं योगर्ट बनवणारेही अशा जाती वापरतात.

मी : योगर्ट म्हणजे आपलं दहीच ना?

बाई : जवळचं नातं. योगर्टमध्ये ठरावीक दोन जिवाणू असतात, स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस. दुसऱ्याला स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन तरुणाने जिनिव्हात शोधलं, तेही माल्टातल्या शेळ्या तपासल्या त्याच १९०५ साली. या दोघांना बेचाळीस-पंचेचाळीस अंशांची ऊब लागते. आपल्या घरच्या विरजणात मिश्र वस्ती असते, कमी उबेतलेही असतात. म्हणून आपलं दही ओट्यावर नुसतं झाकून ठेवलं तरी लागतं. शेळीच्या दुधाला मात्र मी थोडी जास्त ऊब देते, म्हणजे ते पाच-सहा तासांत लागतं, रात्रभर आंबत पडत नाही.

मी : ऊब द्यायची कशी? मे महिन्यात प्रश्न नाही, पण थंडीत?

बाई : थर्माकोलची पेटी.

मी : मासळीची?

बाई : मासळीची वापरलेली नव्हे गं, कोरी. इथल्या दुकानांत मिळते. आपल्याकडे सगळ्यांना वाटतं ती पेटी थंड ठेवते. ती काहीच करत नाही, फक्त उष्णतेला जाऊ-येऊ देत नाही. आत बर्फ ठेवलास तर बर्फ टिकेल, ऊन दूध ठेवलंस तर ऊब टिकेल. दह्याच्या वाट्या ठेवायच्या, शेजारी गरम पाण्याची स्टीलची बाटली, झाकण लावायचं. जानेवारीतही सहा-सात तासांत काम होतं. आणि एक कर, मोठ्या भांड्यात लावू नकोस. ज्या वाटीत खायचं त्याच वाटीत लाव. शेळीचं दही एकदा मोडलं की पुन्हा बसत नाही.

मी : मातीच्या वाट्या घेऊ का?

बाई : उन्हाळ्यात घे. माती दह्यातलं थोडं पाणी ओढून घेते, ते या दह्याला हवंच आहे. पण देशावर मातीचं भांडं बाहेरून सुकत राहतं, म्हणून पाणी ओढतच राहतं. आपल्या दमट हवेत ते लवकरच भरून जातं, आणि पावसाळ्यात तर त्याला बुरशी येते. लागलं की नाही हे बघायला वाटी हलकेच कलती कर. दही एकसंध कडेपासून सुटलं की लगेच फ्रीजमध्ये. तिथे रात्रभर राहिलं की आणखी घट्ट होतं. लोक ओट्यावरूनच वाढायला घेतात आणि मग म्हणतात पातळ झालं.

मी : पाणी सुटलं तर?

बाई : सुटणारच. वरचं पाणी ओतून आंबोळीच्या पिठात घाल. सगळंच फडक्यात बांधून टांगलंस तर चक्का फार मऊ पडतो, त्याचं श्रीखंड तोंडात ठेवताच विरघळतं. फक्त चक्का म्हशीच्या मानाने कमी पडेल, पाहुणे मोजून बोलाव. कढी करायची तर गार दह्यातच बेसन नीट फेटून घ्यायचं आणि आच मंद ठेवून ढवळत राहायचं, नाहीतर फुटते.

मी : माझ्या जावेच्या मुलाला गाईचं दूध सोसत नाही. त्याला हे द्यावं का?

बाई : सोसत नाही म्हणजे काय होतं, हे आधी डॉक्टरकडून कळू दे. पोट फुगत असेल तर तो लॅक्टोजचा प्रश्न, आणि शेळीच्या दुधात लॅक्टोज गाईपेक्षा थोडंसंच कमी असतं. दह्यात जिवाणूंनी त्यातलं काही संपवलेलं असतं, म्हणून दही दुधापेक्षा बरं, पण तेवढं कुठल्याही दह्यात होतं. अंगावर पुरळ, उलट्या, धाप लागत असेल तर ती प्रथिनांची ॲलर्जी. शेळीची प्रथिनं गाईच्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की तिथे प्रयोग करायचाच नाही. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी शेळीचं दूध तर मुळीच नाही. त्यात फोलेट फार कमी असतं. निव्वळ शेळीच्या दुधावर वाढवलेल्या बाळांना रक्तक्षय होतो हे युरोपातल्या डॉक्टरांनी शंभर वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय. मोठ्या माणसाने चारीठाव जेवणात वाटीभर खाल्लं तर छानच. मऊ असतं, पोटाला हलकं वाटतं.

मी : आणि इथे राहायचं म्हणजे मासे रोज. मासे नि दही एकत्र खाल्लं की कोड येतं म्हणतात.

बाई : कोडाचा त्याच्याशी काही संबंध नाही. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी मरतात तेव्हा कोड येतं, ते काय खाल्लं यावर ठरत नाही. बंगाली लोक दह्यातला मासा करतात, त्याला दोई माछ म्हणतात, लग्नातसुद्धा असतो. तुला आवडत नसेल तर खाऊ नकोस, आवडीनिवडीला विज्ञानाचा आधार कशाला शोधायचा? आमच्याकडे दही मटणाला लावतात. शेळीच्या दह्यात शेळीचं मटण मुरवायला मात्र मला जरा चमत्कारिक वाटतं, ते मी करत नाही.

मी : शेवटचं विचारते. शेळी आटली की तुमचं हे तारेचं विरजण कसं टिकवता?

बाई : ताज्या दह्याचे चमचे बर्फाच्या ट्रेमध्ये घालून गोठवते, खडे झाले की डब्यात भरून फ्रीजरमध्ये. जून-जुलैत मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या, आणि फ्रीजरमध्ये मासळी नसते तेव्हा जागाही असते. दोन-तीन महिने टिकतं. वापरायच्या आदल्या रात्री एक खडा खालच्या कप्प्यात काढून ठेवायचा. गोठण्याने काही जिवाणू मरतात, म्हणून पहिलं दही रेंगाळत लागतं. त्यातलं विरजण घेऊन लावलेलं दुसरं नेहमीसारखं.

मी : आई सुक्या मिरचीचे देठ टाकून विरजण करायची.

बाई : होतं तसंही. देठावर जिवाणू असतातच. पण कुठले असतील याचा भरवसा नाही, वेळ दुप्पट लागतो आणि पहिलं दही कडवट निघू शकतं. शेजारी चमचाभर विरजण मागायला घर नसेल तेव्हा कर. इथे दहा घरं आहेत, वाटी घेऊन ये.